वाटेवरचे चार दिवस

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात एक वानर कारभारी म्हणून मिरवत असे. मिरवत असे म्हणायचे ते एवढ्यासाठी, की पाणवठ्याकाठच्या अर्जुन वृक्षाच्या उंच फांदीवर बसून तो दिवसभर इतरांना कामाला लावी आणि स्वतः शेपटी खाली सोडून कोवळी पाने खात बसे. प्राणी पाणी प्यायला उतरत तेव्हा बिबट्या येत नाही ना, हे पाहायला कोणीतरी पहाऱ्यावर लागे. तीन दिवस पहारा आणि चौथ्या दिवशी विसावा, असा तिथला नेम होता. पहाऱ्याच्या पाळ्या वानर लावी. आपल्या फांदीवरून दिसते तेवढेच काम, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्या वर्षी पाणवठा आटू लागला. तेव्हा जंगलाचा प्रमुख असलेल्या म्हाताऱ्या गव्याने एका हरिणीला डोंगरापलीकडच्या तळ्यावर धाडले. आमच्या कळपांना तुमचे पाणी पिऊ द्याल का, एवढे तिथल्यांना विचारून यायचे होते. जायला दोन दिवस लागले, यायला दोन दिवस. तिचा विसाव्याचा दिवसही वाटेतच गेला. ती होकार घेऊन परतली आणि थेट अर्जुनाखाली येऊन म्हणाली, "कारभारी, माझा विसावा बुडाला. उद्याचा दिवस मला झोपू द्या."

वानराने खाली न बघताच विचारले, "तिथे बोलणं किती वेळ चाललं?"

"फार नाही. सुरू झालं तेव्हा सूर्य झाडांवर आला होता, माथ्यावर येईपर्यंत संपलं."

"मग काम तेवढंच झालं. बाकीचे दिवस तू नुसती चालत होतीस. आम्ही इथे उन्हात करपलो आणि तू चार ठिकाणचा हिरवा पाला खाऊन आलीस. उद्या पहाऱ्यावर ये."

दुसऱ्या दिवशी हरिणी पहाऱ्यावर उभी राहिली आणि उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला. नेमका तेव्हाच बिबट्या आला. सगळे वाचले, पण एका सांबराच्या मांडीवर त्याचा पंजा बसला. बिचारे लंगडत, रक्त गाळत कसेबसे सुटले.

गव्याने सर्वांना बोलावले. "पहाऱ्यावर झोपणाऱ्याला या जंगलात जागा नाही," तो म्हणाला. "तुला काही सांगायचं आहे?"

"माझा डोळा लागला. चूक माझीच आहे," हरिणी म्हणाली. विसावा मागितल्याचे तिने सांगितले नाही. आता ही आपले नाव घेणार, अशी वानराला धास्ती होती. तिने नाव घेतले नाही तेव्हा त्याला आधी हायसे वाटले, आणि लगेच त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. तरीही तो गप्प राहिला.

जंगल सोडून जाण्यापूर्वी हरिणी अर्जुनाखाली आली. "कारभारी, कळपांना तळ्यावर तुम्हालाच न्यावं लागेल, म्हणून वाट सांगते. करवंदीच्या जाळ्यांपाशी थांबू नका, तिथे बिबट्याची मादी पिल्लं घेऊन राहते. तिथून पळतच जावं लागतं. पुढे माळ आहे, दिवसभर सावली नाही. पहिल्या रात्री बसू नका, रानकुत्री माग काढतात. मी उभीच होते. पाला भरपूर आहे, पण मान खाली घालून खायची सोय नाही."

एकेक वाक्य ऐकताना वानराचे तोंड उतरत गेले. यातले काहीच त्याच्या फांदीवरून दिसले नव्हते, आणि त्याने विचारलेही नव्हते. एवढे ऐकवून तिने त्याला साधा टोमणासुद्धा मारला नाही. तो झाडावरून उतरला. सगळ्यांसमोर जमिनीवर उभे राहण्याची त्याला सवय नव्हती. "हिने माझ्याकडे विसावा मागितला होता," तो गव्याला म्हणाला. "मी दिला नाही. वर तिला फिरून आलीस म्हणून हिणवलं. सांबराची जखम माझ्यामुळे झाली. आणि मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो."

जखमी सांबराने तोंड फिरवले. त्याहून कठोर शिक्षा वानराला कोणी देऊ शकले नसते. गवा म्हणाला, "हरिणी इथेच राहील आणि उद्या झोपेल. तिच्या जागी तू उभा राहा."

दुसऱ्या दिवशी हरिणी सावलीत गाढ झोपली आणि वानर पाणवठ्यावर पहारा देत राहिला. दुपार झाली तशा त्याच्याही पापण्या मिटू लागल्या. तो स्वतःला चिमटे काढत राहिला आणि झोपलेल्या हरिणीकडे बघायचे टाळत राहिला. कारण ती चालत होती त्या चार दिवसांत तो फांदीवरून कुठेही गेला नव्हता, तरीही त्याला झोप आवरत नव्हती.

तात्पर्य : कामासाठी केलेला प्रवास हेही कामच असते; त्यात कोणाचा विसावा बुडाला, तर तो त्याला परत देणे हे काम सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे.