सगुणेचा शनिवार

एक गाव होतं, नदीच्या काठावर. मनानं भलं गाव. फक्त आपण भले आहोत, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या गावाचा नावाडी आणि त्याची बायको एकाच साथीत गेली. मागं राहिली त्यांची सगुणा, सात-आठ वर्षांची. गावातल्या प्रत्येकाला त्या नावाड्यानं कधी ना कधी नदीपार नेलं होतं. लग्नाची वऱ्हाडं नेली होती, अडलेल्या बाईसाठी भर पुरात पलीकडून सुईण आणली होती. त्यामुळे पोरीला सांभाळणार कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. भांडण झालं ते उलटंच. जो तो म्हणू लागला, पोर आमच्याकडे द्या.

शेवटी पाटलांनी तोडगा काढला. "पोर साऱ्या गावाची. सात वार, सात घरं. ज्याचा वार त्याच्याकडे जेवेल, त्याच्याकडेच झोपेल." सगळ्यांना पटलं. आमच्या गावात पोरकं मूलसुद्धा उपाशी झोपत नाही, असं लोक बाजाराच्या गावी जाऊन सांगू लागले.

मग घराघरांत चढाओढ लागली. सोमवारी पाटलीणबाईंकडे बासुंदी झाली म्हणून मंगळवारी तेल्याच्या घरी श्रीखंड. ते कळलं म्हणून बुधवारी वाण्याकडे जिलब्या. सगुणेला पाट, ताटाभोवती रांगोळी. घरातली मुलं बाजूला उभी करायची आणि आधी तिचं पान वाढायचं. तिनं पाणी म्हणायच्या आत तिघीजणी तांब्या घेऊन धावत. "खा गं बाई, आईवेगळं लेकरू," असं म्हणून कुणीतरी डोळ्यांना पदर लावी. आता अशा वेळी घास गिळायचा कसा, तुम्हीच सांगा.

सगुणा दोन घास खाई, "पोट भरलं" म्हणे आणि आपलं बोचकं मांडीशी ओढून बसे. त्यात तिचे कपडे होते आणि आईची फणी होती. सकाळ झाली की बोचकं काखेत मारून ती पुढच्या घरी जाई.

पोर वाळत चालली. गालांची हाडं दिसू लागली. वैद्यांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन हळूच म्हणाले, "रोग म्हणावा असा काही नाही. पण अशीच राहिली तर पोर हातची जाईल."

गाव हादरलं. आणि गाव हादरलं की पहिलं काम काय करतं? दुसऱ्याकडे बोट दाखवतं. कुणी तेल्याच्या घरच्या तुपाला नावं ठेवली, कुणी वाण्याच्या जिलब्यांना. शेवटी सगळी बोटं एका दारापाशी येऊन थांबली. शनिवारच्या.

शनिवार होता भागाकाकूंचा. त्यांचं घर विणकरांचं. घरात एक माग, चार पोरं आणि काकूंची जीभ, ही तिन्ही दिवसभर चालू. बासुंदी आटवत बसायला तिथं सवड कुणाला होती? सगुणा दारात आली की काकू मागावरूनच म्हणत, "आलीस? बरं झालं. हात धू आणि तेवढा लसूण सोल. आणि धाकट्याचं नाक पूस गं, मला दोनच हात आहेत." मग सगुणा काकूंच्या पोरांबरोबर सुताच्या कांड्या भरायला बसे. सूत गुंतलं की काकू सगळ्यांना ओळीनं झापत, त्यात सगुणाही आली. रात्री पिठलं-भाकरी. ती किती खाते, हे तिथं कुणी पाहिलंच नव्हतं.

"पोरक्या लेकराला कामाला जुंपतेस?" पाटलीणबाईंनी चावडीवर सगळ्यांदेखत विचारलं.

पाटील म्हणाले, "येत्या शनिवारी नीट कर. नाहीतर तुझा वार आम्ही दुसऱ्या घराला देऊ."

एरवी भागाकाकूंनी चार शब्द सुनावले असते, पण त्यांना ते सगळं खरंच वाटत होतं. "चुकलंच माझं," त्या एवढंच म्हणाल्या. "गोडधोड मलाही करायचं होतं हो. पण माग काही थांबत नाही."

त्या शनिवारी माग थांबला. काकूंनी शेजारून गूळ आणून पुरण घातलं. घर सारवलं, पाट मांडला, रांगोळी काढली. पोरांना दम दिला की तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळं नीट होतंय ना, हे बघायला पाटलीणबाई स्वतः येऊन बसल्या.

सगुणा आली. दर शनिवारसारखी हात धुऊन लसणाच्या टोपलीकडे वळली. काकूंनी लगबगीनं टोपली उचलून घेतली. "नको गं बाई. तू बैस."

सगुणा पाटावर बसली. तिनं बोचकं मांडीशी ओढून घेतलं. समोर पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार. पोरीनं घाससुद्धा उचलला नाही. खाली मान घालून बसली आणि तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी पडू लागलं.

काकू पुढं वाकल्या. "काय झालं गं? तिखट हवंय का?"

"काकू, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार?"

"मग मला लसूण का दिला नाहीस? ओरडलीही नाहीस. आता मी तुझ्याकडेपण पाहुणी का?"

काकू तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसल्या.

पाटलीणबाईंना राहवलं नाही. "सगुणे, आमच्याकडे तुला काय कमी पडतं? खरं सांग, मी रागावणार नाही."

सगुणेनं डोळे पुसले. "काहीच नाही. तुमच्याकडे मला सगळं देतात. पाणीसुद्धा देतात. इथं मी माझं घेते."

दुसरी एखादी असती तर फणकाऱ्यानं उठून गेली असती. इतकी बासुंदी खाऊ घालून हेच ऐकायचं का, असं पाटलीणबाईंच्याही मनात आलं. वाईटही फार वाटलं. पण बाई मोठ्या मनाची. त्यांनी सगुणेच्या हाडं दिसणाऱ्या हातांकडे पाहिलं आणि पदर सावरून म्हणाल्या, "ऊठ. बघत काय बसलीस? मला तहान लागलीय. पाणी आण."

सगुणा टुणकन उठली. माठावरची झाकणी काढली, तांब्या बुडवला, भरला आणि दोन्ही हातांनी पाटलीणबाईंपुढे धरला. त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग काकूंच्या पोरांना बोलावलं. पाट भिंतीला लागला. सगळी ओळीनं जमिनीवर बसली. सगुणेनं पहिली पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरीसाठी धाकट्याशी भांडली. काकूंनी दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला. पाटलीणबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

पुढचं काम गावाला सोपं गेलं नाही. बासुंदी आटवणं सोपं. परक्याच्या लेकराला आपलं समजून रागावणं अवघड. तेलीणबाई कितीतरी दिवस "सगुणाबाई, जरा अंगण झाडता का?" असंच विचारत. वाण्यानं एकदा ओरडायचं ठरवलं आणि ऐन वेळी हातावर खडीसाखर ठेवली. पण हळूहळू जमलं. पाटलीणबाईंकडे सगुणेनं लोणच्याची बरणी फोडली, तेव्हा बाईंचा आवाज पार चावडीपर्यंत गेला. सगुणा कोपऱ्यात बसून रडली, मग फरशी पुसली आणि त्या रात्री आपणहून मागून भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बोचकं तिथंच विसरून पुढच्या घरी गेली. पाटलीणबाईंनी त्याची गाठ सोडली आणि आईची फणी आपल्या मुलींच्या फण्यांशेजारी कोनाड्यात ठेवली. पावसाळा आला तोवर सगुणेचे गाल भरले होते. आज कुणाचा वार, हे बऱ्याचदा कुणाच्या ध्यानातही नसे.

काही वर्षांनी नदीच्या वरच्या अंगाला पूर आला आणि एक भाऊ-बहीण पोरकी होऊन या गावात आली. चावडीवर बोचकी छातीशी धरून उभी राहिली. लोक गोळा झाले. कुणी चुकचुकलं, कुणी पाट आणायला धावलं.

सगुणा आता मोठी झाली होती. तिनं दोघांचे हात धरले आणि त्यांना सरळ पाटलीणबाईंच्या स्वयंपाकघरात नेलं. पाटलीणबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि लसणाची टोपली पुढं सरकवली.

"लसूण नंतर," सगुणा मुलांना म्हणाली. "आधी हे बघा. हा माठ आणि हा तांब्या. तहान लागली की घ्यायचं. विचारायचं नाही."

तात्पर्य: पोरक्या मुलाला पाहुण्यासारखं वाढलं तर त्याचं ताट भरतं, पण त्याला घर मिळतं ते कामात, बोलण्यात आणि हक्कात आपल्या मुलांइतकाच वाटा दिला तर.