विस्तव मागायला

“…आणि म्हणे चुलीच्या धाकटीनं आपले सगळे निखारे वाटून टाकले. आता ती कायमची—”

घासणीच्या दगडावर दोन पळ्या अंग घासता घासता बोलत होत्या, आणि नेमका इथेच वारा फिरला. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या फुंकणीला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिला फार चुटपुट लागली.

त्या मुलखात विस्तवाची वस्ती होती. माळावर लांब लांब पसरलेली सत्तर-ऐंशी घरं. प्रत्येक घरात एक चूल, तिच्या आसऱ्यानं वाढणाऱ्या शेगड्या आणि हाताशी लागणारी भांडीकुंडी. पूर्वी सकाळी ज्या घरचा विस्तव गेलेला असे, ते घर गोवरी घेऊन शेजारी जाई, ती पेटवून आणी, आणि जाता-येता चार गोष्टी होत. मग घरोघर काडेपेट्या आल्या आणि मागायला जाणं कमीपणाचं ठरलं. मुलखाचा कारभार बघणाऱ्या तांब्याच्या जुन्या बंबानं तर नियमच घातला, की घरचा धूर घरात राहिला पाहिजे. ज्या छपरावर धूर दिसत नाही ते घर खानदानी. तरण्या शेगड्या हे लवकर शिकल्या. आत काही धुमसायला लागलं की त्या राख अंगावर ओढून घेत आणि वरून नीट सारखी करत. बघणारे म्हणत, काय गुणी लेकरू आहे!

दोन वर्षांत अशी तीन गुणी लेकरं राखेखाली थंड होऊन गेली होती. पहिल्या वेळी सगळे म्हणाले, लाकूड ओलं होतं. दुसऱ्या वेळी वाऱ्याला दोष दिला, आणि बंबानं माळाच्या कडेला लांबलचक दगडी आडोसा बांधून घेतला. तिसरी शेगडी त्या आडोशाच्या आतच विझली. त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

फुंकणीची ख्याती काही चांगली नव्हती. दोन्ही तोंडं उघडी, मधे पोकळ. एकीकडून आलेलं दुसरीकडून लगेच बाहेर. कुणाच्याही घरात आधी तिचं टोक शिरे आणि मागून ती. पळीचं वाक्य तिनं आपल्या मनानंच पुरं केलं: धाकटी डोंगरापलीकडच्या वीटभट्टीबरोबर पळून जाणार! एवढी मोठी बातमी आणि आपल्याला अर्धीच माहीत, हे सोसण्यासारखं नव्हतं. ती तडक त्या चुलीच्या दारात गेली.

“चुलीवहिनी, धाकटी कुठं दिसत नाही ती?”

“आहे की आत,” चूल कौतुकानं म्हणाली. “फार शहाणी झाली हो. महिना झाला, धूर म्हणून नाही. तडतड नाही, कुरकुर नाही. परवा तर आपले चांगले बाभळीचे निखारे शेजारच्या पोरींना देऊन आली. मी म्हटलं, मन मोठं आहे माझ्या लेकीचं.”

फुंकणी हसायला गेली आणि मधेच थांबली. धूर म्हणून नाही. हेच शब्द तिनं याआधी तीन दारांत ऐकले होते.

“मी जरा बघून येते तिला.”

“अहो, पडली असेल ती, कशाला उगाच—” चूल म्हणेपर्यंत फुंकणी आत गेलीसुद्धा.

धाकटी शेगडी कोपऱ्यात बसली होती. अंगावरची राख इतकी सारखी, की सारवलेली वाटावी. फुंकणीनं तिला जे येत होतं ते केलं. छाती भरून घेतली आणि जोरात फुंकर मारली. राख उडून दोघींच्याही डोळ्यांत गेली. मग तिनं पोरीला बराच वेळ समजावलं. किती चांगलं घर, कशी देवमाणसासारखी आई, आमच्या वेळी तर ओली लाकडं असायची आणि तरी आम्ही कसा तग धरला. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि उडालेली राख पुन्हा अंगावर ओढली.

“मावशी, राहू दे. मी नुसती लाकडं खाते या घराची. माझ्यावर शिजत तर काही नाही.”

अंगणात चिमटा उभा होता. “काय, झालं का भाषण?”

“टवाळी करू नको रे. पोरगी ऐकतच नाही.”

“तू ऐकलंस का तिचं? दोन तोंडं आहेत तुला, आणि दोन्हींनी बोलतेस. एखादं कानासारखं वापरून बघ की कधी.”

फुंकणीला राग आला. चांगलाच आला. तो गिळून ती परत आत गेली, एक टोक हलकेच राखेवर टेकवलं आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. कितीतरी वेळ काही नव्हतं. मग खूप खोलवर, अगदी बारीक, टिक् झालं.

तेव्हा तिनं त्या मुलखात कुणी न उच्चारलेली गोष्ट विचारली. “धाकटे, तू विझायचं ठरवलंयस का?”

छप्पर कोसळलं नाही. राख जराशी हलली.

“हो,” आतून आवाज आला. आणि थोड्या वेळानं, “मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.”

“बरं केलंस सांगितलंस,” फुंकणी म्हणाली. तिनं उपदेशाचा एक शब्द काढला नाही. “आता मी इथून हलत नाही. चिमट्या, आत ये. आणि वहिनींनाही बोलव.”

चूल आली, तिनं ऐकलं, आणि ती लेकीला टेकून बसली. रात्रभर आळीपाळीनं तिघांनी धाकटीला एकटं पडू दिलं नाही.

सकाळी फुंकणी एकदम ओरडली, “अगं बाई! माझ्या घरचा विस्तव गेला असणार की! कालपासून घरी आहे कोण? धाकटे, थोडा देतेस का?”

“माझ्याकडे कुठला? सगळा वाटून टाकला.”

“बघ तरी.”

धाकटीनं आपल्या हातानं राख बाजूला केली. तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा निखारा होता. चिमट्यानं गोवरीची कड त्याला लावली. फुंकणीनं घातली ती फुंकर होती की नुसता श्वास, कुणाला कळलं नाही. गोवरी लाल झाली. दाणा होता तिथेच राहिला. उलट जरा मोठाच दिसायला लागला. मग महिनाभर दाबून ठेवलेला धूर निघाला. सवयीनं चुलीचा हात खिडकी लावायला गेला, आणि तिनं ती सताड उघडली.

साऱ्या माळानं तो धूर पाहिला. दुपारी चावडी भरली.

“विझणं हा शब्द इथं नको,” बंब गरजला. “पोरांच्या कानावर गेला तर नाही ती पोरं विझतील.”

चूल उभी राहिली. “आबा, शब्द कुणी काढला नव्हता तेव्हाच तीन गेली. त्यातली एक तुमची नात होती.”

बंबाचं झाकण आपोआप उचललं गेलं आणि दोन वर्षं आत कोंडलेली वाफ बाहेर पडली.

“तिला मीच गुणी म्हणायचो,” तो म्हणाला.

त्या दिवशी काडेपेट्या चावडीच्या फडताळात गेल्या. रोज सकाळी प्रत्येक घरानं दुसऱ्या घरी विस्तव मागायला जायचं, आपल्याकडे असला तरी. छपरावर धूर दिसला नाही तर सरळ आत शिरायचं आणि सरळ विचारायचं. कुणाला साधी फुंकर पुरत नसेल, तर डोंगरापलीकडच्या लोहाराकडून भात्याला बोलवायचं. खोल गेलेल्या विस्तवाची त्याला जाण होती. फुंकणीनं एका दमात तीनपेक्षा जास्त फुंकरी मारू नयेत, हे कलम चिमट्यानं खास घालून घेतलं.

भाता दर आठ दिवसांनी येऊन धाकटीजवळ बसू लागला. तिच्यावर राख चढायचे दिवस नंतरही आले. पण त्या दिवशी दारात कुणी ना कुणी गोवरी घेऊन उभं असे, आणि द्यायला म्हणून तिला राख सारावीच लागे. पुढं आडोसा कुणाच्या कामाचा उरला नाही. त्याचे दगड घरोघर नेऊन नव्या चुली मांडल्या गेल्या.

तीन वर्षं गेली. एकही शेगडी थंड झाली नाही.

अशाच एका सकाळी माळावर घराघरातून धुराच्या रेघा वर चढत होत्या आणि बंब चावडीवरून त्या कौतुकानं बघत होता. अगदी टोकाच्या एका छपरावर रेघ नव्हती. त्यानं हाक मारायच्या आत चार-पाच दारं उघडली आणि गोवऱ्या घेतलेले हात तिकडे धावले.

फुंकणी कुंपणापाशीच होती. तिनं पळीला विचारलं, “काय गं, त्या दिवशी तुझं वाक्य अर्धं राहिलं होतं. पुढं काय म्हणणार होतीस?”

“काय जणू… हां! धाकटी कायमची घर सोडून जाणार, असं ऐकलं होतं. चक्क खोटं निघालं की ते.”

फुंकणीनं माळाकडे पाहिलं. सगळ्यांच्या पुढं, तीन आखूड पायांवर डुलत डुलत, धाकटी चालली होती. रोज सकाळी निघे तशी.

“निखारे वाटते, हे खरंच आहे,” फुंकणी म्हणाली. “आणि घरातही ती कुठं थांबते?”

टोकाच्या घराचं दार बंद होतं. धाकटीनं ते वाजवलं.

“आहे का कुणी? आमच्याकडचा विस्तव गेलाय हो. थोडा देता का?”

आणि तिच्या मागं, तिच्या स्वतःच्या दारापासून इथवर, तिच्या धुराची लांब रेघ माळावर तरंगत होती.