खैरुनआपांची नावं

“पण यात माझं चुकलं कुठं, महाराज? नियमच तसा होता ना?”

सोमलिंग महाराज मठाच्या ओट्यावर बसून चिंचेतले चिंचोके काढत होते.

निरंजन बिडवे अजून उभाच होता. लातूरहून गाडी चालवत आला होता, पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

“बस,” महाराज म्हणाले.

तो बसला.

हा मठ देगलूरच्या पुढं, जिथं एकाच आठवडी बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर पडतात तिथला. गादीवर येण्याआधी महाराज हायस्कुलात भाषा शिकवायचे. त्याच शाळेत खैरुन्निसा नावाच्या बाई विज्ञान शिकवायच्या. सगळे त्यांना खैरुनआपा म्हणत. निवृत्तीनंतर या दोघांनी मिळून इंटरनेटवर एक काम उभं केलं. त्याला ते ‘नावजाळं’ म्हणायचे.

कल्पना साधी होती. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकाखाली चारी भाषांतली तिची नावं मांडायची, आणि एका वस्तूपासून दुसरीपर्यंत दुवे जोडत जायचं. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं घालावं. ज्याला जे हवं असेल ते त्यानं फुकट न्यावं. पगार कुणालाच नाही.

निरंजन पुढं त्यात आला तो संगणकाचा इंजिनियर म्हणून. हुशार, कष्टाळू. नोकरी सांभाळून तो रविवार-रविवार यात घालायचा. महाराजांचा त्याच्यावर जीव जडला. नोंदी खोडायचा अधिकार त्यांनी आपल्या हातानं त्याला दिला.

आणि निरंजननं जाळं स्वच्छ करायला घेतलं.

प्रत्येक नावाला संदर्भ हवा, हा नियम. पुस्तक, कोश, वर्तमानपत्र, काहीतरी छापील. ज्याला संदर्भ नाही ते नाव काढायचं. शोधल्यावर तसली बहुतेक नावं खैरुनआपांची निघाली. त्यांच्या माहेरच्या दखनीतली. कुठल्याच कोशात नसलेली.

आपांनी त्याला लिहिलं होतं, ‘ही नावं माझ्या अम्मीच्या तोंडची आहेत.’

त्यानं उत्तर पाठवलं होतं, ‘तोंड हा संदर्भ होत नाही.’

आपांनी नावं परत घातली. त्यानं परत खोडली. असं काही दिवस चाललं. मग आपा जाळ्यावर यायच्या बंद झाल्या. निरंजनला तेव्हा बरंच वाटलं होतं. वाद मिटला होता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात स्वयंसेवकांच्या ग्रुपवर निरोप आला, की खैरुनआपांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. वाचा गेली.

“मी वाचलं आणि लगेच कामाला लागलो,” निरंजन सांगू लागला. “जाळ्यात खोडलेलं काहीच खरोखर पुसलं जात नाही, महाराज. मागच्या नोंदी तशाच राहतात. आपांनी घातलेलं एकेक नाव मी काढून परत जागेवर ठेवलं. एकही राहिलं नाही.”

“बरं केलंस.”

“नियमही बदलून घेतला. बोलणारा माणूस हाही संदर्भ धरायचा, असं सगळ्यांनी ठरवलं.”

“चांगलं झालं.”

निरंजन थांबला. ज्यासाठी एवढ्या लांब आला होता, ते अजून मिळालं नव्हतं.

“म्हणजे... भरून निघालं ना, महाराज? जे गेलं होतं ते सगळं परत आलं.”

महाराजांनी हातातली चिंच खाली ठेवली.

“आलं. तिनं लिहिलेलं सगळं आलं.”

“मग?”

“या दोन वर्षांत तिनं जे लिहिलं नाही, ते कुठून आणशील?”

...

निरंजनची मान खाली गेली.

“तुम्ही मला तेव्हाच का अडवलं नाहीत?”

“नियम मीच शिकवला होता तुला. तू तो माझ्यापेक्षा चोख पाळत होतास. मला त्याचं कौतुक वाटायचं.” महाराज उठले. त्यांनी खांद्यावर उपरणं टाकलं. “गाडी काढ. आपण जाऊन येऊ.”

“आपांकडं? मी कोणत्या तोंडानं...”

त्याचं वाक्य तिथंच अडखळलं.

“चल,” महाराज म्हणाले.

आपांचं घर शेजारच्या गावात, तेलंगणाच्या अंगाला होतं.

लेकीनं दार उघडलं. महाराजांना पाहून तिनं डोक्यावर पदर ओढला. आपा मागच्या अंगणात, पेरूच्या सावलीत खुर्चीवर होत्या. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. केस नीट विंचरलेले, चष्मा डोळ्यावर.

“अम्मी बाताँ नै करते अब,” लेक म्हणाली. “सुनते सब.”

महाराज आपांसमोरच्या दगडावर टेकले. जुन्या सहकाऱ्यांची दृष्टादृष्ट झाली. आपांच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलली.

निरंजन वाकला. पायांना हात लावणार, तोच आपांनी चांगला पाय मागं घेतला.

तो तसाच ओणवा राहिला. मग मातीतच बसला.

“आपा, मी निरंजन. जाळ्यातला.”

आपा त्याच्याकडं पाहत राहिल्या. त्यांनी त्याला यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सगळं भांडण लिहिण्यातलंच.

“तुमची नावं मी परत ठेवलीत, आपा. सगळी. पहिल्यापासूनची...” त्यानं हात जोडले. “मी मूर्खपणा केला.”

आपांनी नजर वळवली. त्या अंगणाकडं पाहू लागल्या.

पेरूच्या बुंध्याशी एक तांबडी कोंबडी धुळीत लोळत होती. पंख फुलवून अंगावर माती उडवत होती. मग उठून, अंग झाडून ती निघून गेली. तिच्या जागी धुळीत एक गोल, बशीएवढा खळगा राहिला. अजून उबदार असावा असा.

आपांचा डावा हात उठला. बोट त्या खळग्याकडं गेलं.

“कोंबडी?” निरंजननं विचारलं.

आपांनी मान हलवली. नाही.

“माती? धूळ?”

नाही. बोट तिथंच. हात खाली येईना.

“तो खळगा? कोंबडीनं केलेला?”

आपांनी डोळे मिटले, उघडले. हो.

“त्याला... नाव आहे? दखनीत?”

आपांचे ओठ जुळले. घशातून आवाज आला. जाड, ओला, कडा नसलेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या. पुन्हा तोच आवाज.

निरंजन गुडघ्यांवर पुढं सरकला. त्यानं कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

आपांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

...

त्यानं लेकीकडं पाहिलं. ती पदरानं आईचं तोंड पुसत होती.

“काय म्हणाल्या? तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या घरात म्हणत असतील.”

“नानी बोलते थे कुछ तो भी,” लेक म्हणाली. “हमना नै मालूम. कभी पूछेच नै.”

“गावात दुसरं कुणी? त्यांच्या माहेरचं?”

तिनं नकारार्थी हात हलवला. “अम्मीच आखरी थे.”

आपांचा हात मांडीवर आला. त्या दमल्या होत्या. पण नजर निरंजनवर होती. वर्गात उत्तराची वाट पाहणाऱ्या बाईंची नजर. तो रडत होता, त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

महाराज दगडावरून म्हणाले, “फोन काढ. जाळं उघड.”

निरंजननं डोळे पुसून फोन काढला. जाळं उघडलं. नव्या वस्तूला नवा क्रमांक मिळाला. ‘कोंबडीनं धुळीत लोळून केलेला खळगा,’ त्यानं वर्णन लिहिलं. त्याखाली दखनीचा रकाना आला, आणि त्याची बोटं थांबली.

“लिही,” महाराज म्हणाले.

“काय लिहू, महाराज? मला नाव कळलंच नाही.”

महाराजांनी आपांकडं पाहिलं. त्या अजून वाट पाहत होत्या.

“नाव आहे, एवढं लिही.”