एक माप मोठं

एका गावात एक भोळा जावई होता. जावई तसे बेरकीच असतात, पण हा भोळा निघाला. नाव झुंबर. सांगाल ते ऐकायचा, आणि ऐकलेलं कधी विसरायचा नाही. तेच तर दुखणं होतं.

त्याची बायको हौसा कंटाळून माहेरी जाऊन बसली. म्हणाली, "एक तरी काम न बिघडवता करून दाखवा, मग येते नांदायला." ती नव्हती तर झुंबरला भाकरी गोड लागेना. तेवढ्यात ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला घरी बोलावतात, गोडधोड खाऊ घालतात, आणि मुख्य म्हणजे, काही झालं तरी त्याला रागवत नाहीत. झुंबर निघाला सासुरवाडीला.

सासरे निवृत्तीमामा. बाजारपेठेत त्यांचं सुती टी-शर्टांचं दुकान. पोरगा धंद्यात रुळला तर लेकीचा संसार मार्गी लागेल, असं मामांच्या मनात आलं. म्हणाले, "जावईबापू, जरा दुकानात बसत चला." हौसानंही आशेनं नांदायला जायची पिशवी भरून दाराशी ठेवली.

मामांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, "टी-शर्ट घेताना उजेडात धरून बघायचा. आरपार दिसलं तर माल हलका. सरळ परत करायचा."

"ध्यानात ठेवतो, मामा," झुंबर म्हणाला. आणि ठेवलं की!

दुपारी मामींनी अनारसे वाढले. अशी जाळी पडली होती की आळीतल्या बायका बघायला आलेल्या. झुंबरनं एक अनारसा उचलला आणि खिडकीकडे धरला. पलीकडचं लिंबाचं झाड दिसलं. दुसरा धरला. त्यातून शेजाऱ्यांची म्हैस दिसली.

"मामी," ताट मागं सारत तो म्हणाला, "सगळाच माल हलका आहे. परत करा."

बायका तोंडाला पदर लावून पळाल्या. मामींना रडूच फुटलं. मामांनी ओठ चावला. पण धोंड्याचा महिना ना! म्हणाले, "जावईबापू, अनारशाला जाळी लागतेच. ते असू द्या. दुसरं सांगतो. रंगीत टी-शर्ट उन्हात टाकला की रंग उडतो. उलटा करायचा आणि सावलीत वाळवायचा."

"ध्यानात ठेवतो, मामा."

हौसानं पिशवी रिकामी केली, थोडा विचार केला आणि पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी मामींनी गच्चीवर कुरडया घातल्या. मोठ्या आवडीनं गुलाबी आणि हिरव्या केल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, कावळ्यांकडे लक्ष ठेवा बरं." कावळे राहिले बाजूला. झुंबर रंगाकडं बघून दचकला. एकेक कुरडई त्यानं उलटी केली. ओली कुरडई उलटी केली की तिचं काय होतं ते मामींना विचारा. उरलंसुरलं गोळा करून त्यानं माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत पसरलं, आणि मामींना सांगितलं, "निवांत राहा, सगळं वाळतंय."

चार दिवसांनी वास आला म्हणून मामींनी दार उघडलं. कुरडयांवर बुरशी धरली होती.

"पण रंग बघा, मामी," झुंबर अभिमानानं म्हणाला. "जरासुद्धा उडाला नाही."

मामांनी देवाचं नाव घेतलं. पिशवी पुन्हा रिकामी झाली. ह्या खेपेला हौसा ती भरेना. झुंबरचं तोंड एवढंसं झालं. "हौसा, शेवटची एक संधी दे गं," तो काकुळतीला आला.

मामांनाच दया आली. म्हणाले, "हे नीट ऐका. नवा सुती टी-शर्ट पहिल्या धुण्यात आटतो. म्हणून गिऱ्हाईकाला नेहमी एक माप मोठं द्यायचं. पुढं बरोबर बसतं."

"ध्यानात ठेवतो, मामा."

संध्याकाळी तो हौसाला घेऊन कासाराकडं गेला. कासार तिच्या हाताला बरोबर बसतील अशा बांगड्या चढवायला लागला. झुंबरनं त्याला थांबवलं. "एक माप मोठं द्या."

"अहो दादा, गळून पडतील!"

"पहिल्या धुण्यात आटतील."

हौसा नको नको म्हणत होती, पण नवऱ्यानं आवडीनं भरलेल्या बांगड्या, मोडता तरी कसा घालणार? घरी येऊन तिनं पीठ मळायला घेतलं. एक बांगडी परातीत वाढली. दुसरी हंड्यात गेली. तिसरी मामींच्या पायाशी फुटली. हौसा हात वर धरून बसली, आणि पोळ्या मामांनी लाटल्या.

पोळ्या लाटता लाटता मामा म्हणाले, "जावईबापू, काच आटत नाही. आटतं ते सुती. गरम पाण्यात घातलं की आटतं."

"असं होय! आता पक्कं ध्यानात ठेवतो."

धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. सगळी भावकी यायची होती. मामांनी खास त्या दिवसासाठी दुकानातला केशरी टी-शर्ट काढून ठेवला होता. झुंबर पहाटेच उठला आणि तो कढत पाण्यात घालून काढला. पुढं आटायचा तो आजच आटू दे, मामांना त्रास नको.

मामांनी टी-शर्ट घालून बघितला. डोकं कसंबसं बाहेर आलं. बेंबी मात्र साऱ्या पाहुण्यांना दिसली. मामांच्या कपाळाची शीर उडायला लागली. पण भावकीसमोर जावयाला बोलायचं कसं? मामा हसले. फार कष्टानं हसले.

"टी-शर्ट झकास आहे हो. मीच अंमळ मोठा झालोय."

झुंबरनं मामांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मामांचंच म्हणणं, खोटं कसं असेल?

"एवढंच ना?" तो म्हणाला. "काळजी करू नका, मामा. चला, तुम्हाला आंघोळ घालतो."

मामांना गहिवरून आलं. "बघा, जावई असून सासऱ्याला पाणी घालतोय!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. हौसानं भराभर पिशवी भरली. झुंबरनं बंबात लाकडं कोंबली.

मग न्हाणीतून जी बोंब उठली, ती वेशीपर्यंत गेली. मामा पंचा सावरत बाहेर आले, लालबुंद, अंगातून वाफा निघतायत. मागून हातात तांब्या घेऊन झुंबर धावतोय. "मामा, थांबा! अजून दोन तांबे! मग उलटं करून सावलीत ठेवतो!"

मामा धोंड्याचा महिना विसरले, भावकी विसरले. "हौसे! पिशवी उचल! ह्याला घेऊन आत्ताच्या आत्ता तुझ्या घरी जा, आणि माझं घर वाचव!"

अशी हौसा नांदायला निघाली. वेस ओलांडेपर्यंत तिनं कसंबसं हसू दाबलं. मग विचारलं, "अहो, खरं सांगा, बाबांना उकळलंत कशाला?"

झुंबरनं मागंपुढं पाहिलं. जवळ सरकून हळूच म्हणाला, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, हौसा. इतकं कढत पाणी घातलं, पण एक बोटभर आटले नाहीत. तुझे बाबा सुती नाहीत गं!"