दिल्लीकडं पाठ केलेली छत्री

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते विचारू नका. तुमच्या हातातलं ते मोबाइलचं खेळणं आमच्या दरीत अजून कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हाची, एवढं धरा. आणि आधी ते खाली ठेवा बघू. गोष्ट ऐकायची तर दोन्ही कानांनी ऐकायची.

तर फार वर्षांपूर्वी या बेलदरवाडीत गजराक्का नावाची एक बाई राहत होती. मी तिला पाहिलेली नाही. मी सून म्हणून या गावात आले तेव्हा ती नुकतीच गेली होती. पण तिच्याबद्दल ऐकलंय इतकं, की आज वाटेत भेटली तर हाक मारून थांबवेन. काही माझ्या सासूबाईंनी सांगितलं, काही पाणवठ्यावर कळलं. आमच्याकडं जो ही गोष्ट सांगतो तो आपल्या पदरचं थोडं घालतोच. मीही घालणार आहे.

असं म्हणतात, की गजराक्का भर दुपारी आभाळाकडं बोट करायची आणि म्हणायची, "त्यो बघा, तिथं बसलाय उपग्रह." मग त्या बोटाच्या रेषेत टीव्हीची छत्री धरली की घरात चित्र उमटायचं. असं म्हणतात, की ढगांनी डोंगर गिळला तरी तिनं लावलेली छत्री चालूच राहायची. आणि असंही म्हणतात, की तिच्या बांगड्या वाजल्या की छत्री आपली आपण वळायची. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण हे सगळं नंतरचं. आधी ती चारचौघींसारखी बाई होती. नवरा मुंबईत माथाडी. घरी दोन म्हशी, थोडी नाचणी, आणि वैजयंता नावाची एकुलती एक लेक.

ही वैजयंता तालुक्याच्या कॉलेजात शिकायची. तिथं ती एनसीसीत गेली, आणि चालायची म्हणे अशी, की बघणाऱ्याची मान ताठ व्हावी. एका रविवारी ती घरी आली आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, मला दिल्लीला नेणारेत. सव्वीस जानेवारीच्या परेडला. टीव्हीवर दिसणार मी!"

गजराक्कानं तिचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. लेक गेली, आणि मग तिला घोर लागला. कारण आमच्या दरीत टीव्ही दिसतच नव्हता. चारी बाजूंनी डोंगर. अँटेना लावून लावून लोक थकले होते. एक टीव्ही होता तो आमच्या घरी, आणि त्यावर सासूबाई आपल्या भावाच्या लग्नाची सीडी लावून बघायच्या.

"शालन," गजराक्का माझ्या सासूबाईंना म्हणाली, "पोर एवढी दिल्लीत चालणार आणि मी हितं शेण काढत बसू? मला बघायची हाय ती. काय बी झालं तरी बघायची हाय."

मग ती तालुक्याला गेली आणि डिश घेऊन आली. आमच्याकडं तिला छत्रीच म्हणतात. दुकानदार म्हणाला होता, "मावशी, तुमच्या त्या दरीत माझा माणूस यायचा नाही. नट आवळता येतात ना? मग तुमची तुम्हीच लावा. तोंड आग्नेयेला करायचं, आणि चांगलं वर आभाळात. टीव्हीवर पट्टी दिसंल, ती भरली की हात काढायचा." एसटीच्या टपावर टाकून छत्री फाट्यापर्यंत आली, आणि फाट्यापासून घरापर्यंत गजराक्काच्या डोक्यावर. असं म्हणतात, की त्या दिवशी उन्हात ती एवढी लखलखत होती, की पलीकडच्या डोंगरावरच्या माणसांना वाटलं, कुणीतरी सूर्यच डोक्यावर घेऊन चाललंय.

आता खरी मजा ऐका. छत्री पत्र्यावर चढली, मेढीला बोल्टानं घट्ट बसली. टीव्ही आमच्या घरातून उचलून गजराक्काच्या ओट्यावर आला. सारा गाव अंगणात जमला. आणि छत्रीचं तोंड कुठं करायचं यावरनं वाद पेटला.

गावात सर्जेराव आबा होते. पलटणीतून निवृत्त. दिल्ली डोळ्यांनी बघितलेला आमच्याकडचा एकमेव माणूस. त्यांनी काठी उचलून उत्तरेकडं रोखली. "परेड दिल्लीत. दिल्ली हिकडं. मग छत्री तिकडं आग्नेयेला कशाला? तिकडं काय, सोलापूर?"

सगळ्यांना पटलं. आणि सगळ्यांत जास्त कुणाला पटलं असेल, तर गजराक्काला. "तर काय!" ती पत्र्यावरनं म्हणाली. "माझी लेक उत्तरेला, आणि मी तिच्याकडं पाठ करू? दुकानदाराला इकायचं कळतंय, बाकी काय कळतंय?"

झालं. छत्री उत्तरेला. टीव्हीवर निळा पडदा. आबा खालून सांगायचे, "जरा डावीकडं घे गजरा, आग्रा लागतंय वाटतं." ती डावीकडं घ्यायची. निळा पडदा. "थोडी वर, मधी सातपुडा हाय." ती वर करायची. पुन्हा निळाच. रोज सकाळी म्हशी सोडल्या की बाई पत्र्यावर. कुणी म्हणालं, छत्रीला नारळ फोडा. फोडला. कुणी म्हणालं, दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. तरी पडदा आपला निळाच्या निळा. हसता काय? तुमच्या घरचं वायफाय बंद पडल्यावर तुम्ही काय करता ते बघितलंय मी.

असं करता करता परेड उद्यावर आली. त्या दिवशी दुपारी गजराक्का एकटी पत्र्यावर चढली. खाली ओट्यावर फक्त सासूबाई होत्या. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ते मी तुम्हाला सांगते. गजराक्कानं छत्रीवर हात ठेवला, उत्तरेकडं बघितलं, आणि म्हणाली, "वैजू, रागवू नगंस गं बाई." आणि मग तिनं पान्यानं नट सैल केला आणि छत्रीची पाठ दिल्लीकडं फिरवली.

"आलं का गं, शालन?"

"न्हाय!"

"आता?"

"पट्टी हललीया! अजून, अजून! आलं! अगं आलं! … गेलं."

"आलं का गेलं, एक काय ते सांग की!"

"आलं होतं ते गेलं! मागं घे! मागं, मागं… हां! हात लावू नगंस! हात काढ!"

आणि ओट्यावर एक माणूस कोट घालून बातम्या सांगू लागला. सासूबाई म्हणायच्या, तो देवासारखा दिसत होता. गाव धावत आला. गजराक्का पत्र्यावर उभ्या उभ्या रडली. आबा आले, त्यांनी छत्रीकडं बघितलं, मग उत्तरेकडं, मग पुन्हा छत्रीकडं. "दिल्ली हलवली का काय सरकारनं?" एवढंच म्हणाले आणि पुढं जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन झालं आणि वाडीतली झाडून सारी माणसं गजराक्काच्या अंगणात आली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि टीव्हीसमोर पहिल्या पाटावर तिला बसवलं होतं. परेड सुरू झाली. बँड वाजला, रणगाडे आले. आणि तेवढ्यात पत्र्यावर धाडधाड आवाज झाला.

वानरं! आमच्या डोंगरातल्या वानरांचा तुम्हाला काही नवा परिचय नको. अख्खी टोळी आंब्यावरनं पत्र्यावर उतरली, आणि त्यातल्या एका थोराड हुप्प्यानं उडी मारली ती नेमकी छत्रीवर. बोल्ट तुटला. छत्री लोंबकळली. पडदा निळा.

गजराक्का पाटावरनं उठली ती थेट शिडीवर. तिनं छत्री उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि वळवली. "आलं का?" "आलं!" ती जराशी हलली की चित्र जायचं. गावातले दोघं दांडगे बापे वर चढले. म्हणाले, "आक्का, आम्ही धरतो, तू खाली जा." त्यांनी धरली, चित्र गेलं. पुन्हा धरली, पुन्हा गेलं. खालनं आबा ओरडले, "उंट आलं! उंटांच्या मागनं पोरांची पथकं येत्यात! आता येळ न्हाय!"

गजराक्कानं छत्री त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुम्ही जावा खाली," ती म्हणाली. "तुम्ही बघा. कुणीतरी बघितली पायजे तिला."

असं म्हणतात, की त्यानंतर ती दगडाची झाली. पापणीसुद्धा हलली नाही. असं म्हणतात, की तिच्या कोपरापासून छत्रीच्या कडेपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं आणि ते तुटलं नाही. दरीतला वारा डोंगराच्या तोंडाशी येऊन थांबला. आणि ती वानरं, ती मेली, आंब्याच्या फांदीवर ओळीनं बसून मुकाट्यानं टीव्ही बघत होती. हे शेवटचं माझ्या पदरचं नाही, सगळेच सांगतात.

खाली मुलींचं पथक आलं. खाकी कपडे, टोपीला लाल तुरा. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ. सगळ्यांची पावलं एक, सगळ्यांचे हात एक, आणि काय सांगू, सगळ्यांची तोंडंही एकच. डोळे फाडफाडून गाव बघत होता. यातली वैजू कुठली? कुणालाच कळेना. आणि कळायच्या आत पथक निघून गेलं, पडद्यावर दुसरंच काही आलं.

वरनं हाक आली, "दिसली का गं, शालन?"

सासूबाईंनी आबांकडं बघितलं. आबांनी मान खाली घातली. वरनं पुन्हा हाक. "अगं, माझी वैजू दिसली का?"

"दिसली!" सासूबाई ओरडल्या.

आणि मग काय, सारा गाव एका तोंडानं ओरडला, "दिसली! दिसली!"

"कशी हाय? वाळली न्हाय ना?"

"न्हाय, चांगली गुटगुटीत हाय!"

"कुठल्या वळीत?"

"तिसऱ्या! कडंला!" आबा म्हणाले. "सगळ्यांत ताठ तीच!"

"हसत होती का?"

"जरासं हसली! हिकडंच बघून!"

तेव्हा गजराक्कानं छत्री खाली ठेवली. तिचे हात असे आखडले होते, की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पुढं वैजयंता परत आली. गाव फाट्यावर गेला. गजराक्का लेकीच्या तोंडावरनं हात फिरवत तिलाच परेड सांगू लागली. "तिसऱ्या वळीत कडंला होतीस. सगळ्यांत ताठ. आणि जराशी हसलीस बघ, आमच्याकडं बघून." वैजयंता ऐकत राहिली. तिनं आईच्या मागं उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. सगळे कुठं झाडाकडं, कुठं एसटीकडं बघत होते. पोरीला ताप भरला होता, आणि परेडच्या दिवशी ती दिल्लीत दवाखान्यात पडून होती. हे तिनं माझ्या सासूबाईंना फार पुढं सांगितलं. त्या दिवशी फाट्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "हो आई. हसू नका म्हणून सांगितलं होतं, तरी आलं बघ मला हसू."

त्यानंतर गजराक्कानं या दरीतल्या घरोघरी छत्री लावली. जिथं जिथं कुणाचं माणूस लांब होतं तिथं ती न बोलावता गेली, आणि तिनं लावलेली छत्री कधी हलली नाही, असं म्हणतात.

आता छत्र्या सिमेंटात बसवलेल्या आहेत. वानरांचा बाप आला तरी हलत नाहीत. तरीसुद्धा बेलदरवाडीत सव्वीस जानेवारीला परेड लागली, की प्रत्येक घरातलं एक माणूस पत्र्यावर चढतं आणि छत्रीला हात लावून उभं राहतं. ज्याच्या जिवाचं माणूस लांब, त्यानं चढायचं. कुणाचा लेक सुरतेला, कुणाचा नवरा मुंबईला, कुणाची नात कुठल्या परदेशात. ते वरनं नाव घेऊन विचारतं, आणि खालच्यांनी टीव्हीकडं बघून उत्तर द्यायचं. काय उत्तर द्यायचं ते इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. याला आम्ही गजराक्काची परेड म्हणतो.

यंदा आमच्या घरातनं मी चढले होते. माझी थोरली लेक बंगळूरला असते. दिवाळीला आली नाही, फोनवर धड बोलत नाही, काय झालंय ते सांगत नाही. पत्रा गार होता. मी छत्री धरली आणि विचारलं, "माझी मनीषा दिसली का?"

सासूबाई आता थकल्या आहेत, डोळ्यांना फार दिसत नाही. पण ओट्यावरनं सगळ्यांत आधी त्यांचाच आवाज आला.

"दिसली गं! बरी हाय!"

मी घट्ट धरून उभी राहिले.