गाढवाचा गर्भितार्थ

देवकुंडीच्या दरबारात विरूपाक्षशास्त्री प्रत्येक नाटकाचा गर्भितार्थ शोधत आणि नाटककाराला हद्दपार करवत. एकदा रेणुका नावाच्या नाटककर्तीची पाळी आली. तिच्या नाटकात एक गाढव तिन्ही अंक नुसतं मुळा खात होतं.

“महाराज, ते गाढव म्हणजे आपणच,” शास्त्रीबुवा म्हणाले.

राजा लालबुंद झाला. रेणुका हात जोडून म्हणाली, “महाराज, लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गाढवच होतं. गाढव बघून महाराज आठवले ते शास्त्रीबुवांना.”

राजाची नजर सावकाश शास्त्रीबुवांकडे वळली. त्यांना दरदरून घाम फुटला. मग ते गाढव म्हणजे आपण स्वतःच, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत भर दरबारात साधार सिद्ध केलं.