हेरंबने न काढलेली वायर

एका तालुक्याच्या गावी हेरंब नावाचा एक लिनक्सवाला होता. गावातल्या निम्म्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली त्यानेच घातलेली. कुणाचं काही अडलं की लोक हेरंबकडे धावत आणि तो चुटकीसरशी मार्ग काढी. लिनक्सवाल्यांचा एक ऑनलाइन गट होता. तिथे हेरंब सगळ्यांना उत्तरं देई. प्रश्न मात्र त्याने आजवर एकही विचारला नव्हता. लोकांसमोर सूचना वाचायलाही त्याला कमीपणा वाटे. वाचून करतात ते कच्चे, असं त्याचं ठाम मत होतं.

कोर्टासमोर कुमुदताईंचं टायपिंगचं छोटं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं त्या टाइप करून देत. पण संधिवाताने त्यांची बोटं आखडत चालली होती, आणि बोटं थांबली तर घर थांबणार होतं. म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना गेम खेळणारे वापरतात तसला कीबोर्ड पाठवला. त्याच्या डाव्या बाजूला जादा बटणांची रांग होती आणि वर एक छोटा पडदा. एका बटणात अख्खं वाक्य भरून ठेवता येत होतं. कोणत्या बटणात काय आहे ते पडद्यावर दिसणार होतं.

कुमुदताईंच्या कॉम्प्युटरवरही लिनक्सच होतं, म्हणून त्यांनी हेरंबला बोलावलं. बघायला वकिलांचे कारकूनही जमले. हेरंबने नेटवरून एक प्रोग्राम उतरवला, त्या प्रोग्रामला कीबोर्ड वापरू देणारी, सोबत आलेली परवानगीची फाइल जागेवर टाकली आणि ऐटीत जादा बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. साधी अक्षरं उमटत होती, पण जादा बटणं मुकी आणि पडदा काळा. सोबत सूचनांचं पान होतं, पण एवढ्या लोकांसमोर ते उघडणार कसं? ‘मला हे येत नाही’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले. प्रोग्राम काढून टाकला, कीबोर्ड खोक्यात भरला आणि म्हणाला, "कुमुदताई, हा लिनक्सवर चालतच नाही. कुणालाही विचारा."

कुमुदताईंनी कुणालाही विचारलं नाही. हेरंबने बघितलं, म्हणजे विषय संपला. जुन्या कीबोर्डवर त्या पुन्हा एकेक अक्षर बडवू लागल्या.

काही आठवड्यांनी गटात कुणीतरी त्याच कीबोर्डबद्दल विचारलं. ‘चालत नाही’ असं हेरंब लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं. "परवानगीची फाइल टाकल्यावर कीबोर्डची वायर एकदा काढून परत लावा. त्याशिवाय ती लागू होत नाही. सूचनांत लिहिलंय." विचारणाऱ्याने लगेच कळवलं, "झालं! पडदा उजळला!"

हेरंबचे कान तापले. वायर. नुसती वायर! पण खरं सांगायचं धाडस तरीही होईना. मग त्याला युक्ती सुचली. ‘प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आहे, आता चालेल’ असं सांगायचं. कामही होईल आणि नावही राहील. बराच खूश होऊन तो दुकानाकडे निघाला.

कुमुदताई एका वयस्कर गृहस्थांना परत पाठवत होत्या. "आज बोटं वळतच नाहीत हो. दुसरीकडून करून घ्या." तेवढ्यात त्यांना हेरंब दिसला. त्या गृहस्थांना म्हणाल्या, "यानं माझ्यासाठी फार खटपट केली. याच्यानं झालं नाही, म्हणजे कुणाच्यानंच व्हायचं नाही."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं हेरंबला झालं. नव्या आवृत्तीची थाप घशातच राहिली.

"ताई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मला येत नव्हतं. कीबोर्ड तेव्हाही चालला असता."

कुमुदताईंनी जुना कीबोर्ड बाजूला सारला.

"येत नाही म्हणाला असतास, तर मी दुसऱ्याला विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "तू होतच नाही म्हणालास. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही."

हेरंबने खोकं उघडलं, प्रोग्राम पुन्हा उतरवला. या वेळी भोवती जमलेल्या सगळ्यांसमोर सूचना वाचल्या, ओळीवर बोट ठेवून. फाइल टाकली, वायर काढली, परत लावली. पडदा उजळला. शाबास कुणी म्हणालं नाही, आणि त्याला ते ऐकवलंही नसतं.

"पहिल्या बटणात कोणतं वाक्य भरू?" त्याने खालमानेने विचारलं.

"प्रतिज्ञापत्राच्या शेवटचं. तेच सारखं लागतं," कुमुदताई म्हणाल्या. "घे लिहून. वरील मजकूर खरा असून त्यात मी काहीही लपवून ठेवलेले नाही."

हेरंबने ते वाक्य टाइप केलं. बोटं धडधाकट असूनही त्याला फार वेळ लागला.

तात्पर्य: ‘मला येत नाही’ म्हटल्याने फार तर आपली मान खाली जाते, ‘हे होतच नाही’ म्हटल्याने दुसऱ्याची वाट बंद होते.